बदलतें ऋतुमान आणि लहान शेतकऱ्याचें बियाणें

पेरावें तसें उगवतें, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. नीतिबोधाच्या पुस्तकांतून ती आपण इतक्या वेळां वाचतों कीं, तिचा शब्दशः अर्थ काय हें जवळजवळ विसरूनच गेलों आहों. तो अर्थ असा कीं, जमीन, पाणी, खत व मेहनत हीं सर्व उत्तम असलीं तरी शेतांत शेवटीं काय उभें राहणार तें बियाण्यानें ठरतें. हा साधा अर्थ आज पुन्हा एकदां मनांत आणण्याची वेळ आली आहे. कारण ज्या पावसाच्या भरंवशावर आपल्या वाडवडिलांनीं पेरणीचें वेळापत्रक बसविलें, तो पाऊस आतां पूर्वीचा राहिलेला नाहीं. आणि पाऊस बदलला तर बियाणेंही विचारपूर्वक निवडलें पाहिजे. तें कोणतें असावें, कोणाच्या हातीं असावें, आणि या कामीं शाळेंत शिकणाऱ्या मुलामुलींचा कांहीं उपयोग आहे काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आपल्या शेतकऱ्याचें पंचांग नक्षत्रांचें आहे. रोहिणींत जमीन तयार ठेवावी, मृगांत पेरणी करावी, आणि हस्ताच्या पावसानें काळ्या जमिनींत जी ओल मुरेल तिच्यावर रब्बीची ज्वारी पिकवावी, असा हा क्रम. अलीकडे मृग कोरडा जातो, मग एकाच रात्रीं महिन्याचा पाऊस कोसळतो, त्यामागून तीन तीन आठवडे आभाळ निरभ्र राहतें, आणि पीक कापून शेतांत पडलें असतां पुन्हा मुसळधार लागते. ही केवळ वृद्धांची तक्रार नव्हे. भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयानें इ. स. २०२० मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें १९०१ पासून २०१८ पर्यंत देशाचें सरासरी तापमान सुमारें ०.७ अंश सेल्सिअसनें वाढलें. इ. स. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांत विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या प्रसंगांची संख्या तिप्पट झाली. अतिवृष्टि आणि अनावृष्टि हीं दोन संकटें पूर्वीं वेगवेगळ्या वर्षीं येत. आतां तीं एकाच हंगामांत एकामागून एक येऊं लागलीं आहेत.

या पालटाचा घाव सर्वांवर सारखा पडत नाहीं. इ. स. २०१५–१६ च्या कृषिगणनेनुसार आपल्या देशांत शेंकडा ८६ खातेदारांकडे दोन हेक्टरांहून, म्हणजे पांच एकरांहून, कमी जमीन आहे. महाराष्ट्रांत तर लागवडीखालील बहुतेक जमीन केवळ पावसावर अवलंबून आहे. मोठ्या बागायतदाराचें एक पीक गेलें तर त्याचा नफा बुडतो; तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याची पहिली पेरणी वायां गेली तर दुबार पेरणीसाठीं त्यास कर्ज काढावें लागतें, आणि तीही साधली नाहीं तर दुष्काळांत तेरावा महिना. मराठवाड्यांतून व अहिल्यानगर जिल्ह्याच्या कांहीं भागांतून हजारों कुटुंबें दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला निघून जातात. त्यांच्याबरोबर वर्गांतील बांकावरचीं मुलेंही जातात, आणि त्यांतलीं कित्येक परत येऊन पुस्तक हातीं धरीत नाहींत. तेव्हां मूठभर बियाण्याचा प्रश्न हा शेतापुरता राहत नाहीं. तो शाळेच्या हजेरीपटापर्यंत येऊन पोंचतो.

आतां बियाणें या बाबतींत काय करूं शकतें तें पाहूं. वनस्पति पाण्याच्या टंचाईस तीन प्रकारांनीं तोंड देते. पहिला प्रकार संकट चुकविण्याचा. जमिनींतील ओल संपण्यापूर्वींच जें पीक तयार होतें, त्यास दुष्काळ गांठूंच शकत नाहीं. जालना जिल्ह्यांतील बदनापूर येथील संशोधन केंद्रानें काढलेलें 'बीडीएन ७११' हें तुरीचें वाण याचें उत्तम उदाहरण होय. जुन्या तुरी सहा महिने व त्याहूनही अधिक काळ शेतांत उभ्या राहत, आणि शेंगा भरण्याच्या ऐन वेळीं त्यांस ओल पुरत नसे. हें वाण सुमारें पांच महिन्यांत हातीं येतें. दुसरा प्रकार संकट टाळण्याचा, म्हणजे मुळें खोल नेऊन खालचें पाणी मिळविण्याचा, किंवा पानांतून होणारें बाष्पीभवन आवरण्याचा. तिसरा प्रकार सोसण्याचा. झाड सुकतें, मान टाकतें, परंतु मरत नाहीं. पावसाची सर येतांच पुन्हा उभें राहतें. कोणत्या जमिनीस यांपैकीं कोणता गुण हवा हें ओळखणें, हीच बियाण्याच्या निवडीची खरी विद्या आहे.

पुरासंबंधींचें उदाहरण तर याहूनही मनोवेधक आहे, आणि तें आपणांस आपल्या प्रांताबाहेर, ओडिशांतील सखल भातखाचरांकडे, घेऊन जातें. साधें भाताचें रोप पुरांत बुडालें कीं जीव वांचविण्यासाठीं तें भराभर उंच होऊं लागतें. या धडपडींत त्याच्या अंगांतील सांठविलेलें अन्न संपून जातें, आणि पाणी ओसरल्यावर तें आडवें पडून मरतें. परंतु ओडिशांतील एका जुन्या गांवठी वाणांतून निवडलेलें 'एफ्‌आर १३ ए' नांवाचें भात याच्या अगदीं उलट वागतें. पाणी डोक्यावरून गेलें कीं तें वाढ थांबवितें, स्वस्थ राहतें, शक्ति राखून ठेवितें, आणि पाणी उतरल्यावर नवे फुटवे काढतें. हा गुण ज्या जनुकामुळें येतो तें कोणतें, हें शास्त्रज्ञांनीं इ. स. २००६ मध्यें प्रसिद्ध केलें. पुढें नेहमींच्या संकरपद्धतीनें, प्रत्येक पिढींत तें जनुक उतरलें आहे कीं नाहीं हें प्रयोगशाळेंत तपासून, लोकांच्या आवडत्या 'स्वर्णा' भातांत तो गुण आणण्यांत आला, आणि 'स्वर्णा-सब १' हें वाण इ. स. २००९ मध्यें आपल्या देशांत लागवडीस मिळालें. सुमारें दोन आठवडे पाण्याखालीं राहूनही तें जगूं शकतें.

या हकीगतीची एक बाजू विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ओडिशांत केलेल्या व इ. स. २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, या भाताचा लाभ अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांस इतरांपेक्षां अधिक मिळण्याजोगा आहे. कारण उघड आहे. ज्या सखल जमिनींत वरचेवर पाणी भरतें, त्याच त्यांच्या वांट्यास आलेल्या होत्या. म्हणजे जमिनीच्या वांटणींत पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या अन्यायाचा थोडासा भार एका बियाण्यानें हलका केला. बियाणें हें समाजसुधारणेचें साधन होऊं शकतें तें असें.

परंतु येथेंच एक प्रश्न विचारला पाहिजे. हा तारक गुण आला कोठून? तो कोणा शास्त्रज्ञानें निर्माण केलेला नाहीं. पुराच्या पाण्यांत वांचलेलें मूठभर भात वर्षानुवर्षें बाजूस काढून ठेवणाऱ्या अज्ञात शेतकऱ्यांनीं तो आपल्या स्वाधीन केला. आपल्या घरची गोष्टही अशीच आहे. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथें १९३० च्या दशकांत स्थानिक 'मालदांडी' ज्वारींतून निवड करून 'एम ३५-१' हें वाण काढण्यांत आलें. तें आज जवळजवळ शंभर वर्षांनंतरही पेरलें जातें, कारण काळ्या रानांतील ओलीवर येणारी तिची टपोरी, पांढरी भाकरी आणि जनावरांस आवडणारा कडबा हीं दोन्ही शेतकऱ्यास हवीं आहेत. गोमंतकांतील खाजन जमिनींत समुद्राचें खारें पाणी शिरतें, तरी तेथें 'कोरगुट' भात तग धरून आहे. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? प्रयोगशाळा हा पोहरा आहे. आड म्हणजे शेतकऱ्याच्या घरांतील कणगी, मडकीं आणि गाडगीं होत.

हा आड आटूं न देण्यासाठीं लोकांनीं काय सोसलें आहे याचीं उदाहरणें मुलांच्या कानांवर घातलीं पाहिजेत. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव यांनीं जगभर हिंडून बियाण्यांचा मोठा संग्रह लेनिनग्राड येथें केला होता. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ ते १९४४ या काळांत, त्या शहरास वेढा पडला असतां संस्थेंतील कित्येक सेवक उपासमारीनें मेले. परंतु त्यांनीं स्वतःच्या राखणींतील धान्य खाल्लें नाहीं. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, अकोले तालुक्यांतील कोंभाळणे गांवीं, राहीबाई पोपेरे यांनीं घेवडा, वाल, भात व भाज्या यांचीं जुनीं गांवठी बियाणीं जमवून तीं जतन केलीं, इतर स्त्रियांस दिलीं, आणि 'बायफ' संस्थेच्या साह्यानें बियाण्यांची पेढी उभी केली. लहानपणीं त्यांस शाळेंत जावयास मिळालें नाहीं, तरी इ. स. २०२० मध्यें राष्ट्रानें त्यांस पद्मश्री हा किताब जाहीर केला. चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड या खेड्याचे दादाजी खोब्रागडे यांनीं आपल्या थोडक्या शेतांत वेगळ्या दिसणाऱ्या भाताच्या लोंब्या हेरून, त्या निवडून 'एचएमटी' भात तयार केलें व तें दूरवर पसरलें. विद्या केवळ पुस्तकांत नसते, डोळसपणांतही असते, हें यावरून सिद्ध होतें.

एकाच वाणावर सर्व भिस्त ठेविल्यास काय घडतें याचाही दाखला आपल्यापाशीं आहे. इ. स. १९६५ मध्यें बाजरीचें पहिलें संकरित वाण आलें, उत्पन्न वाढलें, आणि तें व त्याचे भाईबंद यांचा प्रसार झपाट्यानें झाला. परंतु १९७० नंतरच्या वर्षांत 'गोसावी' रोगानें या बाजरीस गांठलें. कणसांत दाण्यांऐवजीं हिरव्या पानांचे झुपके दिसूं लागले, आणि शेतेंच्या शेतें हातचीं गेलीं. सर्व रोपें एकाच घडणीचीं असल्यानें एकास जें बाधलें तें सर्वांस बाधलें. पुढें शास्त्रज्ञांनीं रोगास दाद न देणारीं नवीं वाणें काढलीं हें खरें. तथापि धडा तोच राहिला. ऋतुमान जितकें लहरी, तितकी शेतांत विविधता अधिक हवी. ज्वारींत तुरीचे तास घालण्याची आपली जुनी रीत अडाणीपणाची नव्हती. एक पीक गेलें तरी दुसरें घर राखील, असा तींत हिशेब होता.

या विषयावर सामान्यतः दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, जुनें तें सर्व सोनें. संशोधन केंद्रांचीं बियाणीं नकोतच. दुसरा पक्ष म्हणतो कीं, जुनीं बियाणीं पदार्थसंग्रहालयांत ठेवावीं, आणि शेतकऱ्यानें दरवर्षीं दुकानांतून पिशवी आणावी. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष एकांगी आहेत. पहिला पक्ष विसरतो कीं, आजचें ऋतुमान आपल्या आजोबांनीं पाहिलेलें नव्हतें. म्हणून त्यांच्या सर्वच बियाण्यांस आजचा उन्हाळा मानवेल असें नाहीं. दुसरा पक्ष विसरतो कीं, संकरित वाणाचें बीं पुन्हा पेरलें असतां त्याची पुढची पिढी एकसारखी निघत नाहीं व उत्पन्न घटतें. म्हणून शेतकऱ्यास तें दरवर्षीं विकतच घ्यावें लागतें. ज्याच्यापाशीं पाणी व पैसा आहे त्यानें तें खुशाल घ्यावें. परंतु ज्यास एका हंगामांत दोनदां पेरावें लागण्याचा संभव आहे, त्याच्या बियाण्यांतील निदान कांहीं भाग असा असावा कीं, जो त्यास स्वतःच्या शेतांतून राखून ठेवितां येईल. संशोधकांनीं काढलेलीं सुधारित सरळ वाणें आणि पारखून घेतलेलीं गांवठी वाणें हीं अशीं आहेत. इ. स. २००१ च्या पीक-वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें शेतकऱ्यास बियाणें राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचाही हक्क दिला आहे. दुसऱ्याची छाप लावून मात्र तें विकतां येत नाहीं. हा हक्क किती घरांत ठाऊक आहे?

तेव्हां लहान शेतकऱ्यास खरें साह्य करावयाचें तर आमच्या मतें तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. पहिली, जमीन पाहून वाण द्यावें. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें रब्बी ज्वारींत ही दृष्टि ठेविली आहे. हलक्या जमिनीस 'फुले अनुराधा', मध्यम जमिनीस 'फुले सुचित्रा', भारी जमिनीस 'फुले वसुधा' व 'फुले रेवती' अशी विभागणी त्यांनीं केली आहे. माळावरच्या मुरमाड तुकड्यांत भारी जमिनीचें वाण पेरून मग दैवास दोष देणें योग्य नव्हे. दुसरी, नवें वाण प्रथम गांवांतीलच दोनचार शेतांत, शेतकऱ्याच्या नेहमींच्या पद्धतीनें, पेरून दाखवावें, आणि त्याचा निकाल स्त्रियांसही विचारावा; कारण भाकरी कशी थापली जाते, दाणा किती शिजतो व बीं किती टिकतें हें त्यांच्याइतकें कोणास कळणार? तिसरी, प्रत्येक गांवीं बियाण्याची एक सामाईक पेढी असावी. पावसानें दगा दिल्यावर आठ दिवसांच्या आंत दुसरी पेरणी व्हावी लागते. त्या वेळीं तालुक्याच्या गांवीं रांगेंत उभें राहून चालत नाहीं. एक पायली न्यावी व सुगींत सवाई परत करावी, असा साधा नियम पुरेसा आहे.

येथें एक गैरसमजही दूर केला पाहिजे. बियाणें म्हणजे जादूची कांडी नव्हे. दुष्काळास तोंड देणारें वाण पाण्यावांचून पिकत नाहीं. तें थोड्या पाण्यांत थोडें अधिक देतें, इतकेंच. शेतांत बांध नसेल, मातींत सेंद्रिय अंश नसेल, आणि पिकलेल्या मालास भाव नसेल, तर उत्तम बीजही घर तारूं शकणार नाहीं. शिवाय पृथ्वीच्या तापमानवाढीस ज्याच्या बैलगाडीनें जवळजवळ कांहींच हातभार लावला नाहीं, त्या शेतकऱ्यास 'बियाणें बदल' एवढेंच सांगून मोठ्या शहरांनीं व धनाढ्य देशांनीं आपली जबाबदारी झटकणें हें न्यायाचें नाहीं. हें सर्व मान्य करूनही आम्ही म्हणतों कीं, सर्व उपायांत बियाणें हाच असा उपाय आहे कीं, जो गरीबांतल्या गरीबाच्या मुठींत मावतो.

विद्यार्थिमित्रहो, आतां तुमच्याकडे वळतों. तुमच्या शास्त्राच्या पुस्तकांत बीजांकुरणाचा पाठ आहे. तोच पाठ घरीं करून दाखवा. पेरणीपूर्वीं घरच्या बियाण्यांतून न निवडतां शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटावर दहा दहांच्या ओळींनीं मांडा, गोणपाटाची हलकी गुंडाळी करून सावलींत ठेवा, आणि वरचेवर पाणी शिंपडा. सहासात दिवसांनीं निकोप कोंब मोजा. सोयाबीनचे शंभरांपैकीं सत्तर उगवले तर बियाणें प्रमाणास उतरलें. त्याहून थोडे कमी उगवले तर पेरतांना बीं वाढवावें लागेल. फारच कमी उगवले तर तें बीं पेरूं नये. सोयाबीनची साल फार पातळ असते, पोतीं आपटल्यानेंही आंतील अंकुर दुखावतो, हें वडिलांस सांगा. इ. स. २०२० च्या खरिपांत सोयाबीन उगवलें नाहीं अशा हजारों तक्रारी महाराष्ट्रांत झाल्या होत्या. एक गोणपाट व सात दिवसांची सवड यांनीं त्यांतील पुष्कळ हानि आधींच ध्यानांत आली असती. सुटींत आजीजवळ बसून तिच्या मडक्यांतील बियांचीं नांवें, त्या केव्हां पेरतात, किती दिवसांत येतात, राखेंत ठेवितात कीं कडुनिंबाच्या पाल्यांत, हें वहींत उतरून घ्या. शाळेच्या एका कपाटांत बाटल्यांतून त्यांचा संग्रह करा, आणि दरवर्षीं शाळेच्या वाफ्यांत त्या पेरून ताज्या करा. कारण बाटलींत बंद राहिलेलें बीं हळूहळू मरतें, पेरलेलें बींच जिवंत राहतें.

पालकांसही दोन शब्द विनयपूर्वक सांगावयाचे आहेत. मुलगा किंवा मुलगी शिकली म्हणजे मातीपासून सुटली, अशी आशा बाळगणें स्वाभाविक आहे. शेतीनें ज्यांस इतकें छळलें त्यांस ती आशा कोण नाकारील? परंतु ऋतुमान बदलत असतां शेतीसच शिकलेल्या डोळ्यांची सर्वांत अधिक गरज आहे. पावसाचें माप लिहून ठेवणें, पिशवीवरील चिठ्ठी वाचून उगवणशक्ति व मुदत पाहणें, पावती जपणें, आणि दोन वाणें शेजारीं शेजारीं पेरून तुलना करणें हीं कामें शाळेंत जाणारें मूल सहज करूं शकतें. तें जें सांगेल तें ऐकून घ्यावें, आणि आपणांस जें ठाऊक आहे तें त्यास सांगावें. घरांतील जुनें ज्ञान व शाळेंतील नवें ज्ञान यांची अशी गांठ पडली, तरच उत्तम बियाणें संशोधन केंद्राच्या कुंपणांतून बाहेर पडून कोरडवाहू तुकड्यापर्यंत पोंचेल, आणि तेथें टिकेल. येत्या सुगींत प्रत्येक घरानें आपल्या रानांतील उत्तम कणसें मळणीपूर्वींच बाजूस काढावीं, वाळवावीं, त्यांवर नांव व वर्ष लिहावें, आणि शेजाऱ्यास त्यांतील एक ओंजळ द्यावी. सरकारें, विद्यापीठें व संस्था यांनीं आपापलें कर्तव्य करावें हें मागण्याचा अधिकार, आपण आपलें एवढें कर्तव्य केल्यानें अधिकच बळकट होईल.